खटका

कान्ह्याला लोकल थांबते, पाऊस थांबत नाही. पुण्याहून लोणावळ्याकडे येताना वडगाव गेलं की कान्हे आणि कान्हे गेलं की कामशेत, एवढीच आमची रेल्वेच्या वेळापत्रकातली ओळख. पण जून ते सप्टेंबर इथं जे पाणी पडतं त्याला वेळापत्रक नाही. या पाण्यावर मावळात दोन पिकं जोमानं येतात. एक भात आणि दुसरा गंज. भाताबद्दल जाणत्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी गंजाबद्दल लिहिणार आहे, आणि तोही साऱ्या मावळाचा नव्हे. माझ्या मोटारसायकलच्या सीटच्या खटक्यात साठलेला, फार तर चिमूटभर.

गाडीचं नाव मी सांगणार नाही. कंपनीचा काही दोष नव्हता. १९९६ साली घेतलेली गाडी इतके पावसाळे पत्र्याच्या शेडखाली काढते तेव्हा तिचा एखादा सांधा धरणारच. माझे दोन धरले आहेत. त्यांच्याबद्दल मी कधी कुणाच्या कंपनीला दोष दिलेला नाही.

या गाडीची सीट डब्याच्या झाकणासारखी उघडते. डाव्या अंगाला किल्लीचं भोक. किल्ली फिरवली की आत एक तार ओढली जाते, तार एक जीभ मागे घेते, जीभ सीटच्या बुडाची कडी सोडते आणि सीट वर येते. असं गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलं आहे. ते पुस्तक सीटखालीच ठेवलेलं असल्यामुळे गरजेच्या वेळी कधी वाचायला मिळालं नाही. पुस्तकाशेजारी पान्हे, पान्ह्यांशेजारी बॅटरी आणि बॅटरीशेजारी फ्यूज. म्हणजे गाडी बिघडल्यावर जे जे लागतं ते सगळं, गाडी बिघडल्याशिवाय कुणी उघडणार नाही अशा जागी.

आमच्या घरी सीट उघडणं हा कौटुंबिक सोहळा होता. मी किल्ली फिरवून धरायची, मुलानं मागच्या बाजूनं सीट वर ओढायची, आणि हिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून "अहो, तुटेल!" असं म्हणायचं. तिन्ही गोष्टी एकदम झाल्या पाहिजेत. एवढं करूनही उघडली नाही तर मी चिडून सीटवर एक बुक्की मारायचा. बहुतेक वेळा बुक्कीनंतर उघडायची. त्यावरून राग हे एक प्रकारचं हत्यार आहे असा माझा समज झाला होता. तो चुकीचा होता, पण ते पुढं येईलच.

या सोहळ्यातला विनोद एका रात्री संपला. २००३ सालचा ऑगस्ट. आईच्या छातीत दुखायला लागलं. ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची. इथं मध्यरात्री रिक्षा मिळणं कठीण, म्हणून तिला मागं बसवून, माझ्याभोवती लुगड्यानं बांधून मी तळेगावच्या दिशेनं निघालो. पाऊस मी म्हणत होता. वडगावच्या अलीकडे दिवा गेला. फ्यूज उडाला हे मला कळलं, नवा फ्यूज सीटखाली आहे हेही माहीत होतं. आईला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि मी त्या सीटशी झोंबू लागलो. ओढली, हलवली, बुक्क्या मारल्या, शेवटी लाथ मारली. हात सोलवटले. आई पायरीवरून म्हणत होती, "राहू दे रे, मला बरं वाटतंय." तिला बरं वाटत नव्हतं. अखेरीस भाजीचा एक टेम्पो थांबला. त्या माणसानं काही न विचारता आमच्या मागं गाडी हळूहळू चालवली आणि त्याच्या दिव्याच्या उजेडात मी दवाखान्यापर्यंत पोचलो. आई त्यातून उठली, पुढं आठ वर्षं जगली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मला काही हृदयविकार नव्हता, ह्याच्या सीटनं घालवली असती."

त्यानंतर मी फ्यूज खिशात ठेवू लागलो. पण फ्यूज बसवायची जागा सीटखालीच होती. हे लक्षात यायला मला एक महिना लागला.

तर अशी ही गाडी मी गेल्या वर्षी विकायला काढली. गुडघ्यांनी नोटीस दिली होती. फाटकावर पाटी लावली आणि पहिल्याच रविवारी आंदर मावळातून एक गृहस्थ आले. कान्हे फाट्यावरून रेल्वे ओलांडून टाकव्याकडं जायचं आणि तिथून पुढं ठोकळवाडी धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं आत शिरायचं, तिथलं त्यांचं गाव. वय चाळिशीचं, डोक्यावर टोपी, बोलणं कमी. गाडीभोवती ते तीन वेळा फिरले. बैलबाजारात माणूस बैलाभोवती फिरतो तसे. दात तेवढे पाहिले नाहीत.

"चालवायला कोण, तुम्हीच?" मी विचारलं.

"म्याच. पन आमची मंडळी आशा सेविका हाय. रातीबेराती कुनाला कळा सुरू झाल्या की तिला न्यावं लागतंय. म्हनून गाडी पायजे."

हे वाक्य ऐकून माझ्या पोटात काहीतरी हललं. मी मनात वाक्य जुळवलं: पाव्हणे, एक सांगून ठेवतो, हिचा सीटचा खटका जरा हट्टी आहे. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "सीट उगडून दावा." मी किल्ली घातली, फिरवली, आणि वर्षानुवर्षांत जे घडलं नव्हतं ते घडलं. टक्. सीट अशी उघडली की लोण्यातून सुरी जावी. दाखवण्याच्या कार्यक्रमात घरातलं व्रात्य कार्टं एकदम "काका, पाणी आणू?" म्हणतं, तसा हा प्रकार. जिभेवरचं वाक्य मी गिळून टाकलं. उघडलेल्या सीटसमोर उभं राहून सीट उघडत नाही असं सांगणं मला अशास्त्रीय वाटलं.

अठरा हजारांवर सौदा ठरला. पाचशे रुपये विसार माझ्या हातावर ठेवून पुढच्या रविवारी कागदपत्रं करू असं म्हणून ते गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मराठी भाषाही अशी खाष्ट आहे की सुटका होऊ देत नाही. दार लागतं तो खटका, नवराबायकोत उडतो तो खटका, आणि मनाला जे टोचत राहतं ते खटकतं. मी अंधारात पडल्या पडल्या स्वतःची वकिली करत होतो. मी खोटं बोललो का? नाही. सीट उत्तम उघडते असं म्हणालो का? नाही. त्यांनी उघडून दाखवा म्हटलं, मी उघडून दाखवली. यात पाप कुठं आहे?

"सांगून टाका," ही म्हणाली. ती जागी होती.

"अगं, पण त्यांनी विचारलंच नाही."

"माझ्या वडिलांनीही विचारलं नव्हतं, मुलगा घोरतो का म्हणून. सासूबाई गप्प बसल्या. आज किती वर्षं झाली?"

लग्नाचा विषय निघाला की माझी वकिली संपते. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या गुरुजींकडं गेलो. गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांना कुठलीही अडचण सांगा, ती आधी कुणाला आली होती ते ते सांगतात. अडचण सुटत नाही, पण एकटेपणा जातो.

गुरुजी म्हणाले, ही अडचण तुझ्या आधी रोमच्या सिसेरोला आली होती. इसवी सनापूर्वी ४४ साली त्यानं अथेन्सला शिकायला असलेल्या आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. (हा मुलगा पुढं मद्यपानाबद्दल प्रसिद्ध झाला, त्यात पुस्तकाचा दोष नसावा.) त्यात एक धान्याचा व्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला, धान्य सोन्याच्या भावानं चाललेलं. हा अलेक्झांड्रियाहून गलबत भरून पोचतो. मागून आणखी धान्याची गलबतं येत आहेत हे त्याला एकट्यालाच ठाऊक आहे. लोकांना सांगावं की गप्प बसून चढा भाव घ्यावा? पुढं घराचं उदाहरण येतं. घर रोगट आहे, लाकूड किडलेलं आहे, झोपायच्या खोल्यांतून साप निघतात, आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. विकताना सांगावं का?

"यावर," गुरुजी म्हणाले, "डायोजिनीस म्हणतो, सांगायची गरज नाही. हा पिंपात राहणारा डायोजिनीस नव्हे हं. हा बॅबिलोनचा. त्याचं म्हणणं, लपवणं वेगळं आणि गप्प राहणं वेगळं. कायदा सांगायला लावतो तेवढं सांगावं. उद्या दवंडी पिटणाऱ्यानं 'रोगट घर विकणे आहे' अशी दवंडी पिटायची का?"

मला हा बॅबिलोनचा गृहस्थ एकदम आवडला.

"पण त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगितलं पाहिजे. आणि सिसेरोनं निकाल शिष्याच्या बाजूनं दिला."

शिष्य नेहमीच जास्त कडक असतात.

मी आपल्याकडच्यांचं मत विचारलं. गुरुजींनी कौटिल्याचं अर्थशास्त्र काढलं. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात खरेदी-विक्री मोडण्याचा एक अध्याय आहे. रोगी जनावर धडधाकट आहे असं सांगून विकलं तर बारा पण दंड. चतुष्पाद प्राणी परत करायला तीन पंधरवडे मुदत. आणि त्याच अध्यायात, बैलांच्या दावणीला लागून, लग्नाची खरेदी-विक्री. मुलीचा दोष न सांगता ती दिली तर शहाण्णव पण दंड. आणि नवऱ्या मुलाचा दोष लपवला तर त्याच्या दुप्पट. घोरणं कौटिल्य दोषात धरतो का, हे मी गुरुजींना विचारलं नाही, आणि हा अध्याय घरी कधी सांगायचा नाही असं ठरवलं. मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चतुष्पादांबद्दल कौटिल्य बोलतो, द्विपादांबद्दल बोलतो, दोन चाकांबद्दल गप्प आहे.

आजचा कायदाही फार बोलका नाही. १९३० सालच्या माल विक्री अधिनियमात सोळावं कलम आहे. त्याचा सूर मोजके अपवाद सोडले तर असा, की घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घ्यावं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला आरटीओत एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म लागतात. मी दोन्ही फॉर्म उलटसुलट वाचले. इंजिन नंबर, चासी नंबर, बापाचं नाव, पत्ता. 'गाडीबद्दल आपल्याला आणखी काही खटकतं का?' असा रकाना नाही. असता तर किती गाड्या विकल्या गेल्या असत्या, देव जाणे.

बुधवारी मला पळवाट सापडली. सांगायचं की नाही हा प्रश्न दोष आहे म्हणून आहे. दोषच काढून टाकला तर? आपोआप नीतिमान होण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता. मी गाडी घेऊन फाट्यावरच्या मिस्त्रीकडं गेलो.

मिस्त्रीनं सीटवर कोपर टेकलं, तंबाखू मळत मळत किल्ली फिरवली आणि सीट उघडली. टक्.

"उघडतेय की."

"आत्ता उघडली. एरवी नाही उघडत."

त्यानं बंद केली, परत कोपर टेकून उघडली. टक्. चार वेळा. डॉक्टरकडं गेल्यावर दुखायचं थांबतं, त्यातली गत. पण त्यानं खटका खोलला आणि आत पाहून माझ्याकडं असं पाहिलं की मला कान पकडावेसे वाटले.

"यात काय काय घातलंय?"

मी कबुलीजबाब दिला. सुरुवातीला खोबरेल. मग शिवणयंत्राचं तेल. मग रॉकेल. एकदा, घरात दुसरं काही नव्हतं तेव्हा, तूप.

"खोबरेल थंडीत गोठतं," तो म्हणाला. "डोक्यावरचं गोठतं ते दिसत नाही का तुम्हाला? आणि तेलात धूळ बसली की त्याची खळ होते. कुलपाला तेल घालायचं नसतं." त्यानं सगळा चिखल रॉकेलनं धुऊन काढला, कान कोरल्यासारखा. मग खिशातली शिसपेन्सिल काढून तिचं शिसं पात्यानं खरवडलं आणि ती काळी पूड किल्लीच्या भोकात फुंकली. शिसं घसरतं, पण धूळ धरत नाही. तार पाहिली तर तिच्या दोनच काड्या शिल्लक होत्या. या मॉडेलची तार आता मिळत नाही, म्हणून सायकलच्या ब्रेकची तार कापून बसवली. हे सगळं पाऊण तासात, एकशेवीस रुपयांत. निघताना त्यानं सायकलच्या चाकाची एक आरी वाकवून तिचा हुक केला आणि माझ्या हातात दिला. "कधी अडलीच तर बाजूचं पॅनेल काढून हा आत घाला आणि जीभ ओढा. किल्लीची गरज नाही."

म्हणजे ज्या कुलपानं मला भर पावसात आईदेखत रडकुंडीला आणलं होतं, ते एका आरीनं उघडत होतं. चोराला कधीच अडचण नव्हती. अडचण फक्त मालकाला होती.

कुलपं आणि खरं बोलणं यांचं काहीतरी जुनं नातं असावं. अर्देशीर गोदरेज मूळचे वकील. एका खटल्यासाठी झांझिबारला गेले असताना अशिलासाठी सत्याला बाक द्यायची वेळ आली. ते त्यांना जमेना, म्हणून वकिली सोडून परत आले. मग शस्त्रक्रियेची हत्यारं बनवली, तर त्यांवर 'भारतात तयार झालेली' असं छापायचं की नाही यावरून घेणाऱ्याशी बिनसलं. तोही धंदा सोडला. शेवटी १८९७ साली लालबागला कुलपं बनवायला लागले आणि तिथं जम बसला. ज्याला गप्प बसता येत नाही अशा माणसानं काढायला याहून चांगला धंदा मला तरी सुचत नाही. कुलपाचा गुणच गप्प बसणं.

तर खटका दुरुस्त झाला. मी घरी येऊन सीट दहा वेळा उघडून पाहिली. नऊ वेळा उघडली. दहाव्या वेळी नाही.

आता खरी पंचाईत झाली. आधी दोष ठाम होता. दोष ठाम असला म्हणजे माणसाला लाज तरी ठामपणे वाटते. आता दोष दहातून एकदा होता. दहातून एकदा अडणारी गोष्ट सांगायची असते का? मी तरी दहातून दहा वेळा कुठं नीट चालतो? मग शंभरातून एकदा अडली तर? हजारातून? कुठल्या आकड्यावर बॅबिलोनवाला संपतो आणि त्याचा शिष्य सुरू होतो? त्या संध्याकाळी मी शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. सदुसष्टाव्या वेळी ही बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, ते विकत घेणार आहेत तो खटका. तुम्ही इथंच झिजवून टाकाल."

पुतण्यानं मध्यंतरी एक इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं. रॉबर्ट पिर्सिग नावाच्या माणसाचं, १९७४ सालचं, 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स'. एकशे एकवीस प्रकाशकांनी नाकारलं आणि मग लाखांनी खपलं. त्यात मोटारसायकलच्या बाजूच्या झाकणाचा एक अडून बसलेला स्क्रू आहे. त्या एका स्क्रूपायी सगळी गाडी अडते आणि तिथून लेखक थेट तत्त्वज्ञानात शिरतो. त्याचं म्हणणं असं, की अडणं हे वाईट नाही. अडल्यावरच माणूस त्या स्क्रूकडं पहिल्यांदा नीट बघतो. मोठा माणूस. पण त्याला स्क्रू विकायचा नव्हता.

शनिवारी रात्री मी परत गणित मांडत पडलो होतो. नव्वद टक्के वेळा काही होणार नाही. उरलेल्या दहा टक्क्यांतही बहुतेक वेळा दिवस असेल, घाई नसेल. आणि मग एकदम ती दुकानाची पायरी दिसली. फक्त पायरीवर आई नव्हती. धरणाच्या कडेचा रस्ता, पाऊस, आणि कुठल्यातरी वाडीवर कुणीतरी कळा देत वाट बघतंय. मागं बसलेली बाई म्हणतेय, राहू दे, चालत जाऊ. त्या बाईला मी पाहिलेलं नव्हतं. तिनं माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. तिच्या नवऱ्याचे पाचशे रुपये माझ्या पाकिटात होते.

रविवारी पाव्हणे आले. चहा झाला. मी घसा साफ केला.

"पाव्हणे, एक सांगायचं राहिलं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

मी सगळं सांगितलं. खटका, बुक्की, खोबरेल, तूप, नवी तार, दहातून एकदा. आईची रात्रसुद्धा सांगितली. सांगताना माझा मलाच गहिवर आला. इतकं खरं मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. पाव्हण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं. आनखी?"

"आणखी काही नाही."

"न्हाई, आनखी काय?"

"अहो, खरंच काही नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की गेल्या रविवारपर्यंत ज्या गाडीवर त्यांचा विश्वास होता, तिच्यावरून तो उडत चालला होता. जो माणूस सीटच्या खटक्याएवढी बारीक गोष्ट आपणहून सांगतो, तो केवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून बसला असेल! त्यांनी फोन करून कामशेतहून आपल्या मेहुण्याला बोलावलं. मेहुण्यानं तासभर गाडी तपासली. इंजिनाला कान लावला, सायलेन्सरमध्ये बोट घातलं, चेन मोजली. काही निघालं नाही. काही निघत नाही म्हटल्यावर त्यांचा संशय आणखीच वाढला. डायोजिनीसनं हा मुद्दा मांडायला हवा होता. त्याच्या दवंडीवाल्यानं 'रोगट घर विकणे आहे' असं ओरडल्यावर लोकांनी ते घर सोडून शेजारचीही घरं घेतली नसती.

शेवटी पाव्हणे सीटजवळ आले. "बगू."

त्यांनी डावा तळहात सीटवर सपाट टेकला, खाली दाबला आणि उजव्या हातानं किल्ली फिरवली. टक्. बंद केली. दाबली, फिरवली. टक्. दहा वेळा, वीस वेळा. एकदाही अडली नाही.

"आमच्या गोठ्याची कडी बी आशीच हाय," ते म्हणाले. "म्हस आतनं दाराला रेलली की कडी निगत न्हाई. वडाल तेवडी आवळती. आदी दार आत ढकलायचं, मंग कडी."

मी बघत राहिलो. मिस्त्रीचं कोपर आठवलं. बुक्की आठवली; ती रागानं नव्हे, खाली दाबल्यामुळं काम करत होती. आम्ही बापलेक इतकी वर्षं ती सीट वर ओढत होतो आणि ओढू तितकी कडी जिभेवर आवळली जात होती. वडगावच्या त्या रात्री मी एक तळहात ठेवला असता तर.

"मग," मी जरा सावरून म्हणालो, "खटका नीटच आहे म्हणायचा."

"नीट हाय."

"म्हणजे अठरा हजार कायम."

"न्हाई. सोळा."

"अहो, पण खटका तर..."

"खटक्याचं न्हाई कापलं," पाव्हणे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "इसार घेतला तवा तुमाला ठावं हुतं. आट दिस गप ऱ्हायला, त्येचं कापलं."

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला असं मला वाटलं. ते भांडंही असू शकेल.

आता मीही जरा दुखावलो होतो. मी म्हणालो, "पाव्हणे, तुमचा भाताचा व्यापार. खरं सांगा, तांदूळ विकताना तुम्ही सगळं सांगता का?" हायवेच्या कडेला हल्ली प्रत्येक पोत्यावर 'अस्सल इंद्रायणी' लिहिलेलं असतं, हे माझ्या डोक्यात होतं. हे वाण १९८७ साली इथंच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून बाहेर पडलं, पण ज्या प्रमाणात ते विकलं जातं ते पाहता, वडगावपासून मुंबईपर्यंत सलग शेत असलं पाहिजे.

"आमाला सांगावं लागत न्हाई," ते म्हणाले. "तांदूळ शिजला की सोताच सांगतो. गिऱ्हाईक फुडल्या साली परत येतं, न्हायतर येत न्हाई."

सोळा हजारांवर सह्या झाल्या. एकोणतीस नंबर, तीस नंबर. मी किल्ल्या दिल्या आणि आत जाऊन ती वाकवलेली आरी आणली. किल्लीवाचून सीट कशी उघडायची ते दाखवलं. हे त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांनी आरी नीट पाहिली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि खिशात ठेवली. मग गाडीला किक मारली, ती पहिल्या किकेला सुरू झाली, आणि टाकव्याच्या रस्त्यानं दिसेनासे झाले. शेडखाली तेलाचा एक काळा डाग उरला. ही बाहेर आली, डागाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "दोन हजारांत सुटलात." मला ते स्वस्तच वाटत होतं. त्या रात्री मी गाढ झोपलो. घोरलो असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला.

"काका, म्या बोलतोय. गाडी ब्येस हाय. खटका बी ब्येस. पन डावीकडं पुरतं वळलं की हारन आपसूक वाजतुया."

"हो का?" मी म्हणालो.

हॉर्नचं मी लपवलं नव्हतं. गप्पही राहिलो नव्हतो. तो गेली कित्येक वर्षं वाजत होता. घराच्या वळणावर वाजला की ही चहाचं आधण ठेवायची. मला ते दोष म्हणून कधी सुचलंच नाही. हे मी फोनवर समजावून सांगायला लागलो, सिसेरोपासून.

"त्ये ऱ्हाऊ द्या," पाव्हणे म्हणाले. "आनखी काय?"

ही समोरच उभी होती. मी फोनवर हात ठेवून तिला विचारलं, "अगं, आणखी काही होतं का गं त्या गाडीत?"

ती म्हणाली, "बसा. चहा टाकते. आठवून आठवून सांगू."